दोन सलाईन झाल्या होत्या, मी पाच सांगितल्या

धाराशिवच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंच्या टेबलावर माझ्या लेकीच्या गरोदरपणाची दोन कार्डं होती. एक आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीचं, तिच्या सासरचं. दुसरं ढोकीचं, माझ्याकडचं. वाशीच्या कार्डावर रक्तवाढीच्या सलाईनसमोर दोन तारखा होत्या आणि पुढच्या तीन चौकटी कोऱ्या होत्या. ढोकीच्या कार्डावर त्याच जागी एकच शब्द होता, ‘पूर्ण’.

डॉक्टरबाईंनी दोन्ही कार्डं वाचली. मग माझ्या नातवाची मूठ उघडून तळहात पाहिला. साडेचार महिन्यांचा शंभू आईच्या मांडीवर अर्धे डोळे मिटून पडला होता. त्याचा तळहात तांदळाच्या पिठासारखा होता. रक्ताचा रिपोर्ट त्यांच्या पुढ्यातच पडला होता.

“हिमोग्लोबिन पाच पूर्णांक दोन,” त्या म्हणाल्या. “फेरिटिन जवळजवळ नाहीच. बाळाला तीव्र ॲनिमिया आहे, लोहाच्या कमतरतेमुळं. आज ॲडमिट करायचं. हे ‘पूर्ण’ कुणी लिहायला सांगितलं?”

माझी लेक अश्विनी, घरची आशू, फरशीकडं बघत होती. तिची सासू द्रौपदाबाई भिंतीला टेकून उभी होती. मी खुर्चीत होते, कारण आल्या आल्या मीच खुर्ची पकडली होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मला झालं होतं. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं, तरी सगळे माझ्याकडंच बघतायत असं वाटत होतं.

“आईनं सांगितलं,” आशू म्हणाली.

डॉक्टरबाई माझ्यावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी चार शब्द ऐकवले असते, ती माझी खोडच आहे. त्या एवढंच म्हणाल्या, “कार्डावर काहीही लिहिता येतं, आजी. रक्तात जे गेलं नाही ते रक्तात नाही.”

हे सगळं मी लिहितेय ते कुणी सांगितलं म्हणून नाही. माझ्या हातून जे झालं ते माझ्यासारख्या आणखी पुष्कळ बायांच्या हातून होणार आहे, आणि त्यांना वाटणार आहे की आपण लेकीवर माया करतोय. मलाही तसंच वाटलं होतं.

मी ढोकीत खानावळ चालवते. आमचे मालक, आशूचे वडील, गेल्यापासून एकटीच चालवते. साखर कारखान्याचा हंगाम लागला की ट्रॅक्टरवाले, क्लार्क, फिटर अशी रोजची चाळीस ताटं माझ्याकडं उठतात. वाळक्या अंगाचा माणूस आला तर हंगाम संपेपर्यंत त्याला गाल आलेले असतात. माझ्या हाताला तेवढी चव आहे आणि मला तेवढा गर्वही आहे. अन्नानं न सुटणारं दुखणं जगात नसतं, असं मी लोकांना तोंडावर सांगायचे.

आशूचं लग्न वाशीला झालं. जावई कृषी दुकानात कामाला. माणूस गरीब स्वभावाचा आहे. पण त्याची आई, म्हणजे माझ्या ईनबाई द्रौपदाबाई, यांचं आणि माझं लग्नाच्या मांडवापासूनच जमलं नाही. त्यांची जीभ कात्रीची. माझी काही लोण्याची नाही.

आशूला सहाव्या महिन्याच्या शेवटी तपासलं तेव्हा तिचं हिमोग्लोबिन आठाच्या आत होतं. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला लाल भाग, जो श्वासातली हवा अंगभर पोचवतो. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही, आयर्न सुक्रोज द्यावं लागेल. आयर्न सुक्रोज म्हणजे लोहाचं औषध, ते सलाईनमधून थेट शिरेत सोडतात. पाच ठरल्या होत्या. आठवड्यातून एक ठरलेला वार होता, त्या वारी द्रौपदाबाई सुनेला घेऊन जायच्या, सलाईन संपेपर्यंत बाकावर बसायच्या आणि घेऊन यायच्या. पहिलीला उशीर झाला, कारण आशूला मध्ये ताप आला होता. दोन झाल्या आणि सातवा महिना संपत आला.

आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. लेक सातव्यात आणायची. आठवा लागला की तिला वेस ओलांडू देत नाहीत, आठव्यातलं पोट हलवायचं नसतं. मग नववा. नवव्यात एसटीत बसवायची कुणाची छाती होते? म्हणजे सातव्यात आणली तर आणली. शनिवारी आठवा लागत होता. मी गुरुवारी जीप करून वाशीला गेले.

द्रौपदाबाई दारातच म्हणाल्या, “तीन सलाईन राहिल्यात, ईनबाई. तेवढ्या होऊ द्या. आठवा-बिठवा म्या मानत न्हाय.”

मला ते झोंबलं. मला त्यात ऐकू आलं ते असं, की तुमच्या घरी लेकीची काळजी घेतली जाणार नाही. मी म्हणाले, “तुमच्या घरात पोटभर मिळालं असतं तर सलाईन लागल्या असत्या का?” शेजारच्या दोन बाया ऐकत होत्या. त्या ऐकत होत्या म्हणून मी जरा मोठ्यानं म्हणाले, हेही खरं.

त्यांनी वाद घातला नाही. आत जाऊन प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं कार्ड आणलं आणि माझ्यापुढं धरलं. मी घेतलं नाही. “कागदावर लेक वाढत न्हाय, ठेवा तुमच्याकडंच,” असं म्हणून मी आशूचा हात धरला. आशू मागं वळून कार्डाकडं बघत होती. जीपमध्ये ती म्हणाली, “आई, ते घ्यायला पाहिजे होतं.” मी तिला सांगितलं, गप बस, पाणी पी.

ढोकीच्या दवाखान्यात नाव लावायला गेलो तेव्हा नर्सबाईंनी कार्ड मागितलं. सासरी राहिलं म्हणून सांगितलं. त्यांनी नवीन कार्ड काढलं आणि एकेक विचारत गेल्या. धनुर्वाताची टीटी झाली का, सोनोग्राफी झाली का. मग म्हणाल्या, “आधी रक्त कमी होतं का? सलाईन दिल्यात?”

“पाच ठरल्या होत्या. झाल्यात सगळ्या,” मी म्हणाले.

का म्हणाले? राहिल्यात म्हणाले असते तर द्रौपदाबाईंचं खरं ठरलं असतं. शिवाय लेकीच्या हाताला परत सुई, परत बाकावर तास दोन तास, आणि माझी दुपारची ताटं. ही सगळी कारणं त्या एका क्षणात माझ्या डोक्यात आली होती, नाही असं मी म्हणणार नाही. आशूनं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. लहानपणापासून ती माझ्यापुढं अशीच मान खाली घालायची आणि मला त्याचं कौतुक होतं.

नर्सबाईंनी ‘पूर्ण’ लिहिलं. तरी त्या म्हणाल्या, “एकदा धाराशिवला जाऊन रक्त तपासून या. डोळे फिके वाटतात.” मी हो म्हणाले. हंगाम भरात होता. आज जाऊ, उद्या जाऊ असं करत राहिलं. त्या दोन महिन्यांत मी बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून सोनारीला भैरवनाथाला दोनदा जाऊन आले. धाराशिवला एकदा जायला मला सवड झाली नाही.

बाकी लेकीचे लाड मी केले ते गावानं पाहिले. डिंकाचे लाडू, तुपाची धार, सकाळ-संध्याकाळ पेलाभर म्हशीचं दूध. लोहाची गोळी उष्ण पडते असं आमच्यात म्हणतात, म्हणून ती मी दुधाबरोबर द्यायचे. कधी दूध नको म्हणाली तर चहाबरोबर. पुढं डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हा कळलं, की दूध आणि चहा, दोन्ही लोहाला आतड्यातच अडवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायची असते. मी रोज नेमानं गोळी देत होते आणि रोज नेमानं ती वाया घालवत होते.

तिला माती खायचे डोहाळे लागले. दुकानातली भाजकी माती पुड्याच्या पुड्या संपवायची. मला हसू यायचं. डोहाळे पुरवावे लागतात म्हणून मीच आणून द्यायचे. रक्तात लोह फार उतरलं की माणसाला माती, खडू, बर्फ असलं काही खावंसं वाटतं, हेही मला नंतर कळलं. पोरीचं अंग ओरडून सांगत होतं आणि मी ते पुड्यात बांधून आणत होते.

दोन जिने चढली की ती धापा टाकायची. मी म्हणायचे, पोटात गडी दांडगा आहे.

कळा दोन-अडीच आठवडे आधी आल्या. ढोकीच्या नर्सबाईंनी आशूची पापणी ओढून पाहिली आणि हात न लावता धाराशिवला पाठवलं. तिथं हिमोग्लोबिन सहाच्या थोडं वर निघालं. तिथल्या डॉक्टरांनी कार्ड पाहून विचारलं, “पाच सलाईन होऊन सहा कसं काय?” मी म्हणाले, “पचलं नसंल तिला.” आतमध्ये माझी लेक मरायला टेकली होती आणि मी बाहेर उभी राहून दुसऱ्यांदा खोटं बोलले. पहिलं खोटं झाकायला दुसरं लागतंच.

दोन बाटल्या रक्त चढवलं. आशू वाचली. मुलगा झाला, वजन दोन किलो शंभर ग्रॅम. त्याचं रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन चांगलं निघालं. ते ऐकून मी पेढे वाटले. इथं मी फसले आणि इथंच बहुतेक जण फसतात, म्हणून डॉक्टरबाईंनी पुढं मला जे समजावलं ते सांगते.

पोटातलं बाळ आईकडून लोह घेतं ते मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. त्यातलं काही रोजच्या रक्ताला लागतं, उरलेलं ते आपल्या अंगात साठवून ठेवतं. जन्मल्यावर पाच-सहा महिने त्याला तो साठा पुरवायचा असतो, कारण आईच्या दुधात लोह थोडंच असतं. आईच्याच अंगात खडखडाट असेल, तर बाळाच्या वाट्याला साठा कमी येतो. त्यातून ते लवकर जन्मलं, तर साठवायचे शेवटचे दिवसही हुकतात. फेरिटिन या तपासणीत तो साठा कळतो. मला कळावं म्हणून त्या म्हणाल्या, “हिमोग्लोबिन म्हणजे परातीतलं पीठ. फेरिटिन म्हणजे कणगीतली ज्वारी. जन्मताना परात भरलेली होती, म्हणून तुम्ही खूश झालात. कणगी कुणी बघितली नाही.”

आणि जे तीन महिने बाळ साठवतं, तेच तीन महिने आम्ही लेकीला एका गावातून दुसऱ्या गावात नेतो. एका दवाखान्यातून नाव सुटतं, दुसऱ्यात लागायचं असतं, मध्ये माणूस विसरतं, रुसतं, खोटं बोलतं. सातव्यात आणायची ही रीत कुणी घातली मला माहीत नाही. ज्यांनी घातली त्यांना सलाईन माहीत नव्हत्या. मला माहीत होत्या.

दवाखान्यातून सोडताना बाळासाठी लोहाचे थेंब लिहून दिले होते. इतके आठवडे झाले की सुरू करा, दोन महिन्यांनी रक्त तपासा. आशूनं सुरू केले. चार दिवसांत बाळाची शी काळी झाली. मी बाटली उचलून फळीवर ठेवली. आशू म्हणाली, “आई, काळी होणार असं डॉक्टर म्हणाले होते.” मी म्हणाले, “तुला मी थेंबांवर वाढवलं का?” आणि गुटी उगाळायला घेतली. दोन महिन्यांची रक्ततपासणीही तशीच राहिली. तिनं पुन्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं आता तीच म्हणते. पण मला तोंड वर करून विचारायची सवय मी तिला लावलीच कुठं होती.

शंभू फार शांत होता. रडायचा नाही, अंगावर पिताना मध्येच झोपून जायचा, घाम यायचा. बाळंतिणीला भेटायला येणाऱ्या बाया म्हणायच्या, “लई गुणाचं लेकरू बाई, आवाज न्हाय.” मी दृष्ट काढायचे. रडायला लागतं ते बळ त्याच्या अंगात नव्हतं. त्याला आम्ही गुणाचा म्हणत होतो.

साडेतीन महिन्यांनी मी त्याला आणि आशूला वाशीला पोचवलं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात द्रौपदाबाईंचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. “पोराचं तळहात बघितलं व्हतं का कधी?” मी म्हणाले, गोरा आहे, बापावर गेलाय. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. त्यांनी त्याच दिवशी त्याला धाराशिवला आणलं. येताना जुनं कार्ड पिशवीसकट आणलं. माझ्याकडचं कार्ड आशूच्या फाईलमध्ये होतंच. आशूनं कळवलं तशी मीही ढोकीहून तिथं पोचले.

आता ॲडमिट केल्यानंतरचं सांगते.

रक्त द्यावं लागणार होतं, कारण शंभूचं हृदय फार जोरात पळत होतं. एवढ्याशा बाळाला रक्त देतात ते वाटीभरही नसतं. ते थेंब थेंब, तीन-चार तास देतात, कारण एकदम दिलं तर हृदयाला झेपत नाही. पण आधी शीर सापडायला पाहिजे. डाव्या हाताला दोनदा टोचलं, उजव्याला एकदा, पायाला एकदा. शेवटी पायालाच सापडली. त्या चारही वेळा तो रडला नाही. नुसतं तोंड वाकडं केलं. सिस्टरच्या हाताखालचं ते न रडणारं तोंड मी दाराच्या काचेतून पाहिलं. तीन सलाईन माझ्या लेकीला नको होत्या मला, सुया टोचतात म्हणून.

वॉर्डात आईसोबत एकच माणूस थांबू शकत होतं. सिस्टरनं विचारलं, कोण थांबणार? मी पिशवी उचलली होती. आशू म्हणाली, “सासूबाई थांबतील.”

मी बाहेर बाकावर बसले. सोबत डबा आणला होता, ज्वारीच्या भाकरी, पिठलं, शेंगाची चटणी, आशूला आवडतं म्हणून. दुपारी सिस्टरकडून आत पाठवला. तासाभरानं तो तसाच परत आला. सिस्टर म्हणाली, “कँटीनमधून मागवलं त्यांनी.” बाकावरच्या एका म्हातारबुवाला मी तो डबा दिला. ते जेवताना म्हणाले, “झकास झालंय पिठलं, माय.” आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी नावाजलेलं नको वाटलं.

संध्याकाळी द्रौपदाबाई पाणी भरायला बाहेर आल्या. मी उठून उभी राहिले. म्हणाले, “ईनबाई, मला माहीत असतं तर—”

“तुमाला माहीत व्हतं,” त्या म्हणाल्या. बाटली भरून होईपर्यंत नळाकडंच बघत राहिल्या. मग जाताना म्हणाल्या, “लोक उपाशी ठिवून मारत्यात. तुमी जेवू घालून मारलं.”

शंभू मेला नव्हता. पण मी त्यांना तसं म्हणू शकले नाही.

पाचव्या दिवशी सोडलं. हिमोग्लोबिन आठाच्या वर आलं होतं. थेंब सुरू झाले ते पुढं कित्येक महिने चालले. शी काळी झाली, होऊ दिली. पहिल्या दातांवर डाग आले, येऊ दिले. दर काही आठवड्यांनी तपासणी असायची, मी प्रत्येक वेळी ढोकीहून जाऊन बाकावर बसायचे. मला कुणी बोलवत नव्हतं, हाकलतही नव्हतं. शंभूला आठवा महिना लागला तेव्हा हिमोग्लोबिन अकराला टेकलं. पोरगं रडायला लागलं. एकदा तर वेटिंग हॉलमध्ये अख्खा वेळ भोकाड पसरून बसला आणि सगळे वैतागले. मला वाटलं, रड रे बाबा, अजून रड.

मला वाटलं सुटलो. रक्त भरलं म्हणजे संपलं.

त्या दिवशी डॉक्टरबाईंनी मला मुद्दाम आत बोलावलं. म्हणाल्या, “आजी, रक्त भरून निघालं. पण पहिल्या काही महिन्यांत मेंदूही लोहावरच वाढत असतो. तेव्हा जे मिळालं नाही त्याचं काय होईल, ते मी आज सांगू शकत नाही. तो उशिरा बसेल, उशिरा चालेल. पुढं लक्ष लागणं, शिकणं, यात मागं राहील की नाही ते शाळेत गेल्यावर कळेल. कदाचित काहीच होणार नाही.” मी विचारलं, आता काय खायला घालू? त्यांनी फाईल मिटली. मग म्हणाल्या, “खायला घालाच. पण त्या दिवसांचं आता काही घालता येत नाही.”

तो दहाव्या महिन्यात बसला. एकोणीस महिन्यांचा झाला तेव्हा चालला. शेजारची त्याच्या वयाची पोरगी वाक्यं बोलते, हा चार शब्द बोलतो. आई, आजी, पाणी, दे. आजी म्हणजे द्रौपदाबाई. हाक मारली की कधी वळून बघतो, कधी बघत नाही. तो वळेपर्यंतचा वेळ मी श्वास धरून असते. सगळीच पोरं अशी असतात असं लोक म्हणतात. असतीलही. मला ते कळायला अजून वर्षं जायची आहेत आणि प्रत्येक वर्षी मी तेच विचारत बसणार आहे.

बायांनो, तुम्ही लेक आणायला जाल तेव्हा विहिणीच्या हातून आधी कार्ड घ्या. तिनं फेकून दिलं तरी वाकून उचला. सलाईन राहिल्या असतील तर आठवा लागू द्या, नववा लागू द्या, लेक सासरीच राहू द्या. नाहीतर आणा आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेऊन खरं सांगा. तुमच्या हाताला चव असेल, माझ्याही होती. जेवण पाहिजेच, पण आठाच्या खालचं रक्त लाडवानं वर येत नाही. बाळाचं जन्मतानाचं रक्त चांगलं आलं तरी साठ्याचं विचारा. आणि शांत बाळाचं कौतुक करायच्या आधी त्याचा तळहात बघा.

ह्या साली आशूला पुन्हा दिवस गेले. मधे चांगलं अंतर ठेवलं होतं तिनं. मला ते तीन महिने झाल्यावर सांगितलं. सहावा लागला तेव्हा फोनवर म्हणाली, “आई, ह्या खेपेला मी इथंच राहणार हाय. सातव्यात न्यायला येऊ नको.” दुसरं बाळंतपण सासरी होतंच, त्यात नवल नाही, असं मी म्हणू शकले असते. आम्हा दोघींना कारण माहीत होतं. मी बरं म्हणाले. ती म्हणाली, “राग आला का?” मी न्हाय म्हणाले. राग आला नव्हता. पण फोन ठेवल्यावर चुलीपुढं बसून मी जी रडले ती खानावळीतल्या पोळ्या लाटणाऱ्या बाईनं पाहिली आणि ती बिचारी माझ्याजवळ कांदा चिरायला घेऊन बसली, माझ्या डोळ्यांना निमित्त मिळावं म्हणून.

सातव्यात मी वाशीला नुसती भेटायला गेले. कार्ड भिंतीवर खिळ्याला टांगलं होतं. रक्त साडेदहा होतं. शंभू उंबऱ्याला धरून उभा होता, माझ्याकडं बघून हसला आणि आत पळाला, जरा तिरका पळतो.

जेवून दोन तास झाले होते. द्रौपदाबाईंनी लिंबाचं पाणी केलं, गोळ्यांचं पाकीट माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाल्या, “द्या तुमच्या हातानं.” त्या बाईनं मला एवढं दिलं, हे मी कधी विसरणार नाही. मी पाकिटातून गोळी काढली, तळहातावर ठेवली आणि आशूपुढं हात केला.

आशूनं माझ्या तळहाताकडं पाहिलं. मग पाकीट उचललं, दुसरी गोळी काढली, ती जिभेवर ठेवली आणि लिंबाच्या पाण्याबरोबर गिळली. रागानं नाही, सवयीनं गिळली. द्रौपदाबाई खाली बघत होत्या. मी हात मागं घेतला नाही, कारण मला तिचा गळा बघायचा होता. गोळी खाली गेलेली मला दिसली. तेवढं मला पुरलं.